एमआरआयमध्ये दिसलेली प्रत्येक फाट कापायची नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुडघा दुखू लागला, एमआरआय काढला, अहवालात ‘मेडियल मेनिस्कस टेअर, ग्रेड २’ (मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी; तिची आतल्या बाजूची फाट) असे आले आणि आठवडाभरात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची तारीखही ठरली. हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यातली मूळ चूक कुणाच्या लक्षात येत नाही. ग्रेड २ म्हणजे फाटणे नव्हेच. गुडघ्यातल्या गादीबद्दल वृत्तपत्रांतून बरेच छापून येते, पण निदान कसे करतात आणि कोणत्या फाटीला काय करायचे याचा तपशील क्वचितच येतो. म्हणून हे पत्र जरा लांबले आहे; छापताना कात्री लागली तरी आकडे तेवढे राहू द्यावेत ही विनंती.

एमआरआयच्या चित्रात निरोगी मेनिस्कस काळ्याभोर त्रिकोणासारखा दिसतो. त्या त्रिकोणात पांढरा ठिपका असेल तर ग्रेड १. पांढरी रेघ आहे, पण ती वरच्या किंवा खालच्या पृष्ठभागापर्यंत पोचत नसेल तर ग्रेड २. ही दोन्ही आतल्या झिजेची चिन्हे आहेत; लहान मुलांत आतल्या रक्तपुरवठ्यामुळेही तसे दिसू शकते. रेघ पृष्ठभाग फोडून बाहेर आली की ग्रेड ३, आणि फाट म्हणायची ती यालाच. तीही एकाच कापात, म्हणजे एमआरआयच्या एकाच थराच्या चित्रात, दिसत असेल तर सावध राहावे; दोन किंवा अधिक कापांत दिसली तर खात्री बरीच वाढते. अहवालातले शेवटचे दोन ओळींचे अनुमान वाचून निर्णय घेणाऱ्याने, मग तो डॉक्टर असो वा रुग्ण, किमान ही ग्रेड तरी पाहिली पाहिजे.

खरी फाट दिसली, तरी दुखण्याचे कारण तीच आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये ५० ते ९० वर्षांच्या ९९१ लोकांचे एमआरआय काढून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुखते म्हणून निवडलेली ही माणसे नव्हती. मेनिस्कस फाटल्याचे प्रमाण ५० ते ५९ वयाच्या स्त्रियांत १९ टक्के होते आणि ७० ते ९० वयाच्या पुरुषांत ५६ टक्के. ज्यांच्या गुडघ्यात फाट सापडली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास झालेला नव्हता. पन्नाशीनंतर केस पिकावेत तशी ही फाट अनेकांच्या गुडघ्यात असते. दुखणे वेगळ्याच कारणाने सुरू होते, आणि चित्रात सापडली म्हणून दोष गादीवर येतो.

आता रचनेविषयी, कामापुरते. प्रत्येक गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये आतल्या व बाहेरच्या बाजूला एकेक अर्धचंद्राकृती कूर्चा असते; हीच गादी, हाच मेनिस्कस. आतल्या बाजूची कूर्चा तिथल्या लिगामेंटला (हाडांना जोडणाऱ्या बंधाला) घट्ट चिकटलेली असल्याने फारशी सरकत नाही, म्हणून ती जास्त फाटते. बाहेरची बरीच सरकते; मात्र एसीएल हे गुडघ्याच्या मधोमध असलेले लिगामेंट तुटते त्या झटक्यात ती चिमटून फाटण्याचा संभव अधिक. दोन्ही कूर्चांत रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या काठाला, साधारण बाहेरच्या तिसऱ्या हिश्शाला असतो. आतली पातळ कड सांध्यातल्या द्रवावर जगते. तेव्हा काठाजवळची उभी (काठाला समांतर) फाट टाके घातले तर सांधू शकते आणि आतल्या कडेची सांधत नाही. शस्त्रक्रियेचा सगळा हिशेब या एका गोष्टीभोवती फिरतो.

निदानाची निम्मी बाजी रुग्णाच्या हकिगतीत असते. पाय जमिनीवर रोवलेला, गुडघा थोडा वाकलेला आणि वरचे शरीर वळले, असे झाले होते का? सूज किती वेळाने आली, हा प्रश्न तर कधीच सोडू नये. दोन तासांच्या आत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साठले आहे असे धरावे आणि एसीएल, हाडाचा तुकडा किंवा वाटी निसटणे यांचा विचार आधी करावा. नुसत्या मेनिस्कसची सूज बहुधा सहा ते चोवीस तासांत हळूहळू चढते; माणूस तो दिवस कसाबसा पार पाडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पाय वाकवता येत नाही. फुगलेल्या गुडघ्यातून सुईने काढलेल्या रक्तावर तेलासारखे थेंब तरंगताना दिसले, तर ती हाडातली चरबी असते. मग फ्रॅक्चर शोधायचेच.

‘गुडघा अडकतो’ या तक्रारीची फोड करून घ्यावी लागते. वाकवून सरळ करताना क्षणभर अडखळणे, कटकट वाजणे हे वाटीच्या मागच्या झिजेनेही होते आणि दुखण्याने स्नायू आखडल्यानेही. खरे अडकणे निराळे. गुडघा शेवटचे १० ते ३० अंश सरळच होत नाही, दाबला तर रबरासारखा परत येतो, आणि कधी कधी पाय जरा हलवल्यावर एकदम सुटतो. कूर्चेचा मोठा पट्टा बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्याच्या मधोमध येऊन बसला की असे होते.

तपासणीत सर्वांत उपयोगी खूण म्हणजे सांध्याच्या रेषेवरचा दुखरेपणा. गुडघा ९० अंशांत वाकवून वाटीखालच्या जाड शिरेच्या दोन्ही बाजूंना मऊ खळगे लागतात. तिथून अंगठा कडेकडेने मागे न्यायचा. रेषेवर नेमक्या जागी, विशेषतः मागच्या अर्ध्या भागात, कळ आली तर संशय वाढतो. तीच कळ रेषेच्या चार-पाच सेंटिमीटर खाली, नडगीच्या आतल्या बाजूला असेल तर तिथल्या स्नायुबंधांखालची पिशवी सुजलेली असते. तिच्यापायी मेनिस्कस कापला जाऊ नये. मॅकमरे चाचणीत गुडघा पूर्ण वाकवून, पाऊल बाहेर वळवून सरळ करत आणताना आतली कूर्चा आणि पाऊल आत वळवून आणताना बाहेरची कूर्चा तपासतात. बोटाखाली ‘कट’ जाणवला तर तिला वजन. नुसते दुखले म्हणून ती चाचणी होकारार्थी धरू नये. थेसली चाचणीत एका पायावर गुडघा २० अंश वाकवून उभे राहायचे, तपासणाऱ्याचे हात धरून कमरेपासून तीन वेळा आत-बाहेर वळायचे; चांगल्या पायावर आधी करून घ्यायचे. ही चाचणी सुरुवातीला जितकी अचूक वाटली तितकी नंतरच्या अभ्यासांत ठरली नाही. हकिगत, रेषेवरची कळ आणि दोन-तीन चाचण्या एकाच दिशेने बोट दाखवत असतील तरच निदानाला जोर येतो. लिगामेंट आणि खुबा तपासल्याशिवाय तपासणी पुरी झाली असे म्हणूच नये. खुब्याचा सांधा आत वळत नसेल तर गुडघ्यात जाणवणारी कळ तिथूनच येत असू शकते, आणि गुडघ्याचा एमआरआय ते कधीच सांगणार नाही.

एमआरआयच्या आधी साधा एक्स-रे, पण उभे राहून काढलेला. झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्यातली फट शाबूत दिसते. उभ्याने, आणि त्याहूनही गुडघे ४५ अंश वाकवून मागून काढलेल्या चित्रात ती बुजलेली कळते. पन्नाशीच्या पुढच्या माणसाच्या अशा एक्स-रेमध्ये झीज स्पष्ट असेल, तर मेनिस्कसची फाट शोधायला एमआरआय काढून उपचारात सहसा काही फरक पडत नाही. झटक्याने झालेल्या दुखापतीत एक्स-रे कधी हवाच याचे ‘ओटावा’ नावाने ओळखले जाणारे निकष साधे आहेत: वय ५५ किंवा अधिक, फक्त वाटी दाबून दुखणे, नडगीशेजारच्या बाहेरच्या बारीक हाडाचे वरचे टोक दाबून दुखणे, ९० अंश वाकवता न येणे, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे. यांतले एकही असले तरी एक्स-रे काढावा.

झिजेतून आलेल्या फाटीवर दुर्बिणीतून कडा छाटण्याचा उपयोग किती, याची परीक्षा कडक पद्धतीने झालेली आहे. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या, संधिवात नसलेल्या १४६ रुग्णांपैकी निम्म्यांची कूर्चा खरोखर छाटली आणि निम्म्यांवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला. दुर्बीण सगळ्यांच्या गुडघ्यात घातली होती आणि कोणाचे काय झाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ४५ वर्षांवरच्या ३५१ रुग्णांच्या अभ्यासात व्यायाम आणि शस्त्रक्रिया यांत सहा महिन्यांनी लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र व्यायामाच्या गटातल्या ३० टक्के लोकांनी या सहा महिन्यांत शस्त्रक्रिया करून घेतली, हेही सांगायला हवे. नाहीतर आम्हीही एकाच बाजूचे वकील ठरू. उशिरा केल्यामुळे त्यांचे विशेष नुकसान झाले नाही. म्हणजे आधी तीन महिने व्यायाम करून पाहण्यात गमावण्यासारखे फार थोडे आहे.

पण व्यायाम म्हणजे काय? इथे बहुतेकांची फसगत होते. दहा दिवस शेक, दहा दिवस विजेची यंत्रे आणि शेवटी हातात चित्रांचा एक कागद, याला व्यायामोपचार म्हणत नाहीत. असे करून ‘फिजिओथेरपीने फरक पडला नाही’ म्हणणे म्हणजे औषधाची नुसती बाटली हलवून गुण आला नाही म्हणण्यापैकी आहे. अभ्यासांत वापरलेला कार्यक्रम साधारण १२ आठवड्यांचा, आठवड्यातून दोन-तीन वेळा करण्याचा आणि वजन वाढवत नेण्याचा होता.

गुडघ्यात पाणी असेपर्यंत मांडीचा पुढचा स्नायू आपोआप दबलेला राहतो, म्हणून पहिले काम सूज उतरवणे: कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, इलॅस्टिक पट्टी आणि पाय उशीवर उंच. लंगडत चालणे होत असेल तर काठी घ्यावी. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला. पहिल्या एक-दोन आठवड्यांत गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची आणि ५ सेकंद धरायची. १० वेळा, दिवसातून तीनदा. टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायचा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. उचलताना गुडघा किंचित वाकत असेल तर स्नायू अजून कच्चा आहे, काठी सोडायची घाई नको. स्थिर सायकलची सीट इतकी उंच हवी की पेडल खाली गेल्यावर गुडघा जेमतेम २५-३० अंश वाकलेला राहील. सीट खाली असली की दर फेरीला मागच्या कूर्चेवर दाब येतो आणि ‘सायकलने दुखणे वाढले’ अशी तक्रार येते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून भिंतीला टेकून अर्धी बैठक, ४५ ते ६० अंशांपर्यंतच. १० ते १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर चढ-उतार. खुब्याच्या बाजूच्या स्नायूंसाठी कुशीवर झोपून पाय उचलणे. ८ ते १२ वेळा करून स्नायू थकेल इतके वजन, तीन फेऱ्या. पुढे एका पायावर ३० सेकंद तोल, मग एका पायाची अर्धी बैठक. दुखण्याचे माप दहापैकी तीन-चारपर्यंत चालते, पण ते २४ तासांत उतरले पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला दिसला तर आदल्या दिवशीचे प्रमाण जास्त झाले. व्यायाम बंद न करता वजन किंवा फेऱ्या कमी कराव्यात. उकिडवे बसणे आणि मांडी घालून वळणे या काळात टाळावे. रबराची नीकॅप दिवसभर घालून कूर्चा सांधत नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा फायदा वाटतो त्याहून मोठा आहे: एक किलो कमी झाले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो.

इतके वाचून कुणी ‘म्हणजे शस्त्रक्रिया कधीच नको’ असा अर्थ काढील, आणि ती चूक पहिल्या चुकीइतकीच महागात पडते. तीन प्रकारांत थांबण्याने नुकसान होते.

पहिला, खरोखर अडकलेला गुडघा. सुरुवातीच्या दिवसांत दुखण्यामुळेही गुडघा सरळ होत नाही, म्हणून वेदनाशामक देऊन आठवडा-दीड आठवड्यात पुन्हा तपासावे. तरीही अडसर असेल तर लगेच एमआरआय आणि शस्त्रक्रिया. अशा गुडघ्यावर चालत राहिले तर उलटलेला पट्टा दर पावलाला चिरडतो, आणि टाके घालता आले असते अशी कूर्चा काढून टाकण्याच्या लायकीची होते. कुणाकडून झटका देऊन ‘बसवून’ घेण्याचा प्रयोग अजिबात करू नये.

दुसरा, तरुण माणसाची काठाजवळची ताजी फाट, विशेषतः सोबत एसीएल तुटलेले असेल तेव्हा. मागच्या काठाला कूर्चा सांध्याच्या आवरणापासून सुटण्याचा एक प्रकार एमआरआयमध्ये वारंवार निसटतो, कारण चित्र काढताना गुडघा सरळ असतो आणि ती फट मिटलेली असते. दुर्बीण मागच्या कप्प्यात नेऊन पाहिल्याशिवाय ती सापडत नाही. एसीएल नवे बसवले आणि ही फट तशीच राहिली तर गुडघ्याची अस्थिरता पूर्ण जात नाही.

तिसऱ्या प्रकाराकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते: आतल्या कूर्चेचे मागचे मूळ हाडापासून उखडणे. मध्यमवयीन व्यक्ती, त्यातही बऱ्याचदा स्त्री. पिळवटणारा अपघात नाही. उकिडवे बसताना, जमिनीवरून उठताना किंवा पायरी उतरताना गुडघ्याच्या मागच्या बाजूला ‘कट’ असा आवाज आणि त्या क्षणापासून कळ. वय पाहून ‘झीज’ असा शिक्का बसतो आणि मामला मिटतो. मेनिस्कसचे काम भार पसरवण्याचे आहे. भार पडला की तो बाहेर ढकलला जाऊ पाहतो आणि दोन्ही टोकांची मुळे त्याला धरून ठेवतात. मूळ सुटले की कूर्चा बाहेर सरकते आणि काम थांबते. २००८ साली मृतदेहांच्या गुडघ्यांवर केलेल्या मोजणीत मूळ तुटल्यावर सांध्यावरचा कमाल दाब २५ टक्क्यांनी वाढला, म्हणजे अख्खी कूर्चा काढल्यावर वाढतो तितकाच. मूळ पुन्हा बांधल्यावर तो पूर्ववत झाला. एमआरआयमध्ये तीन गोष्टी शोधाव्यात: मुळाशी फट, एका उभ्या कापात काळा त्रिकोण गायब असणे, आणि कूर्चा हाडाच्या कडेबाहेर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेली असणे. हाडांवरचे अस्तर चांगले आणि पाय फार वाकडा नसेल तर नडगीच्या हाडातून बारीक बोगदा पाडून मूळ टाक्यांनी खाली ओढून बांधतात. अस्तर आधीच गेलेले असेल तर ही दुरुस्ती टिकत नाही, आणि ती करण्याचा आग्रहही धरू नये.

टाके घालायचे की छाटायचे, हे फाटीच्या जागेवर आणि आकारावर ठरते. छाटण्याचे आकर्षण उघड आहे: रुग्ण त्याच दिवशी चालतो, एक-दोन आठवड्यांत बैठ्या कामावर जातो. टाक्यांनंतर मात्र महिनोन्‌महिने जपावे लागते, आणि पाच वर्षांच्या पुढे पाहिले तर चार-पाच रुग्णांत एकाचे टाके निकामी ठरतात. तरीही सांधण्याजोगी फाट सांधावीच. कूर्चा काढल्यावर सांध्याच्या हाडांत होणारे बदल फेअरबँक यांनी १९४८ मध्येच एक्स-रेवर दाखवून दिले होते; ते टाळण्यासाठी हा खटाटोप आहे. छाटणे अटळ असेल तेव्हाही फक्त लोंबणारा तुकडा काढावा, बाहेरचा काठ अखंड राखावा.

टाके निकामी होण्याची कारणे बहुतेक वेळा पहिल्या दीड-दोन महिन्यांत घडतात. फाटीच्या कडा खरवडून ताज्या न करता टाके घातले, तर सांधायला रक्तच मिळत नाही. चार ते सहा आठवडे ९० अंशांपलीकडे वाकवायचे नसते, कारण त्यापुढे मागच्या भागावर ताण येतो. मांडीच्या मागच्या स्नायूला वजन लावून व्यायाम सहा ते आठ आठवडे नको, कारण त्यातल्या एका स्नायूची पकड आतल्या कूर्चेच्या मागच्या टोकाला असते. आणि पायावर भार कधी टाकायचा हे सर्वांना एकच उत्तर देऊन भागत नाही. उभ्या फाटीत, आधाराचा पट्टा (ब्रेस) लावून गुडघा सरळ ठेवून भार टाकला तर कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि ते चालते. आडवी त्रिज्येच्या दिशेची (आतल्या कडेकडून बाहेरच्या काठाकडे जाणारी) फाट किंवा मूळ बांधलेले असेल तर तोच भार कडा ओढून वेगळ्या करतो; तिथे सुमारे सहा आठवडे पाय टेकवायचा नसतो. एका रुग्णाने दुसऱ्याच्या सांगण्यावरून कुबड्या सोडल्या की घोळ होतो तो याच ठिकाणी. खोल बैठक चार ते सहा महिने बंद, धावण्याचे खेळ साधारण सहा महिन्यांनी, तेही दोन्ही मांड्यांची ताकद मोजून. शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला, किंवा ताप येऊन गुडघा लाल-गरम झाला तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे. पहिली दोन रक्ताच्या गुठळीची लक्षणे असू शकतात, शेवटचे जंतुसंसर्गाचे.

शस्त्रक्रिया ठरलीच तर रुग्णाने आधी विचारावे: फाट कोणत्या भागात आहे, सांधण्याजोगी निघाली तर टाके घालण्याची तयारी आहे का, की छाटणे हेच ठरलेले आहे? आणि नंतर हातात फक्त ‘आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीची शस्त्रक्रिया) केली’ एवढे लिहिलेला कागद घेऊन घरी जाऊ नये. त्या टिपणीत फाटीचा प्रकार, मिलिमीटरमध्ये लांबी, काठापासूनचे अंतर, किती टक्के कूर्चा काढली व किती राखली, टाके किती व कोणत्या पद्धतीचे, एसीएल आणि हाडावरच्या अस्तराची स्थिती, भार टाकण्याची व वाकवण्याची मर्यादा किती आठवड्यांची, इतके लिहिलेले असावे, आणि दुर्बिणीतून काढलेली आधीची व नंतरची छायाचित्रे सोबत जोडलेली असावीत. पाच वर्षांनी तोच गुडघा पुन्हा दुखला तर पुढच्या डॉक्टरला नव्या एमआरआयपेक्षा या कागदाचा उपयोग जास्त होतो, कारण छाटलेल्या किंवा टाके घातलेल्या मेनिस्कसमध्ये पांढरी रेघ कायमची दिसत राहते आणि ती नवी फाट आहे की जुना व्रण हे साध्या एमआरआयवरून बऱ्याचदा ठरवता येत नाही.

आपले,
अस्थिरोग व फिजिओथेरपी क्षेत्रात काम करणारे काही वाचक